फुप्फुसांपलीकडचा ‘व्हॅली फीवर’

अमेरिकेच्या ॲरिझोना व कॅलिफोर्निया राज्यांतील कोरड्या मातीत कॉक्सिडिऑइडिस ही बुरशी वाढते. तिच्या तंतूंचे बारीक तुकडे धुळीबरोबर श्वासात गेल्याने होणाऱ्या रोगाला कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्यावरून ‘व्हॅली फीवर’ हे नाव पडले. बहुतेकांना तो होऊन गेल्याचे कळतही नाही, काहींना खोकला-ताप येतो. मात्र सुमारे १ टक्का रुग्णांत बुरशी रक्तावाटे फुप्फुसांबाहेर पसरते आणि मूळ छातीत असल्याची शंकाही येऊ नये इतके रोगाचे रूप पालटते.

गंमत अशी की, वैद्यकाला हा रोग प्रथम दिसला तो त्वचेवरच. १८९२ मध्ये अर्जेंटिनातील आलेहांद्रो पोसादास यांनी एका सैनिकाच्या अंगावरील गाठींचे वर्णन केले. त्या गाठींत सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या जाड कवचाच्या गोल पिशव्या एकपेशीय परजीवीच्या मानल्या गेल्या, आणि ‘कॉक्सिडिया’ या परजीवींशी असलेल्या साम्यावरून पडलेले कॉक्सिडिऑइडिस हे नाव, १९०० मध्ये तो जीव बुरशी ठरल्यावरही, तसेच राहिले. तांबड्या रक्तपेशीच्या कित्येक पट मोठी अशी एक पिशवी फुटली की शेकडो बीजाणू बाहेर पडतात व त्यांतून पुन्हा पिशव्याच तयार होतात.

फुप्फुसांबाहेर पडलेली बुरशी त्वचेत उतरली की अनेकदा नाकालगतच्या घडीत चामखिळीसारखा उंचवटा येतो, तो बरा होत नाही. नडगीवर उठणाऱ्या लाल, दुखऱ्या गाठी मात्र वेगळ्या. त्यांत बुरशी नसते, उलट प्रतिकारशक्ती जागी असल्याची ती खूण असते. मणक्यात शिरलेली बुरशी हाड पोखरते, शेजारी पू साठतो, आणि हे चित्र क्षयरोगाच्या इतके जवळचे असते की भारतात क्षयाचेच औषध आधी सुरू व्हावे, यात नवल नाही. सर्वांत घातक रूप मेंदूच्या आवरणाच्या दाहाचे: आठवडेच्या आठवडे डोके दुखते, मेंदूतील पाणी तुंबते, आणि फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध थांबवल्यास रोग बहुधा उलटतो, म्हणून ते जन्मभर घ्यावे लागते.

म्हणूनच मुलांकडे ॲरिझोनात काही महिने राहून आलेल्या रुग्णाचा प्रवास केसपेपरवर नोंदलेला असणे महत्त्वाचे ठरते, निदानासाठी आणि प्रयोगशाळेच्या सुरक्षिततेसाठीही. शरीरातील पिशव्या एकाकडून दुसऱ्याला सहसा लागत नाहीत; परंतु गाठीचा तुकडा तपासणीसाठी प्रयोगशाळेत वाढवला की बुरशी पुन्हा मातीतले तंतुरूप धारण करते, आणि बशीचे झाकण बेसावधपणे उघडणाऱ्या तंत्रज्ञाच्या श्वासात त्या तंतूंचे तुकडे जाऊ शकतात.