डोक्याला मार : फोटो चांगला, पण माणूस बरा नाही



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, हुमणी यांवर लिहितो. आजचा विषय वेगळा, पण आपल्याच बांधावरचा आहे.

आंबेगाव तालुक्यातले आमच्या गटातील एक सभासद ऊस भरताना ट्रॉलीवरून खाली आले. घटकाभर शुद्ध नव्हती. सिटी स्कॅन काढला, रक्तस्राव नाही म्हणून घरी सोडले. दोन महिने झाले तरी डोके दुखतेच, कुशीवर वळले की घर गरगरते, ऊन सोसत नाही, पाण्याची पाळी विसरतात. कधी आवाज न चढवणारा माणूस घरात भांडू लागला. लोक म्हणाले, "फोटो चांगलाय, मग ढोंग कशाला?" आम्हीही तसेच समजलो. ती आमची चूक झाली.

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेले दिसते. हादऱ्याने मेंदूच्या कामात झालेला बिघाड त्यात बहुधा दिसत नाही. बहुतेक माणसे काही आठवड्यांत बरी होतात, काहींचा त्रास मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो.

ऊस पिवळा पडला की आपण लगेच युरिया टाकतो. पण मुळाशी हुमणी असेल तर युरिया काय करणार? तसेच इथे. आधी त्रास कोणता ते ओळखावे, मग डॉक्टर गाठावा.

डोकेदुखी, विसराळूपणा यासाठी मेंदूविकार तज्ज्ञ म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट. न्यूरोसर्जन मुख्यतः ऑपरेशनचे काम पाहतात. कूस बदलताना गरगरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. कानाच्या आतले बारीक खडे जागचे हलले की असे होते. वाचताना अक्षरे दुहेरी दिसली तर नेत्रतज्ज्ञ. मान आखडली तर फिजिओथेरपिस्ट. झोप उडाली, चिडचिड वाढली तर मानसोपचार तज्ज्ञ. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आमच्या सभासदांचे गरगरणे कानाच्या डॉक्टरांनी डोके ठरावीक पद्धतीने फिरवून थांबवले. डोकेदुखी मात्र रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनीच वाढली होती. न्यूरॉलॉजिस्टनी त्या बंद केल्यावर हळूहळू उतरली.

आधी आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी. पुण्याच्या ससून रुग्णालयात यांतले बहुतेक विभाग एकाच आवारात आहेत. जुन्नर-आंबेगावकरांच्या फेऱ्या वाचतील. सोबत वहीत लिहून न्यावे : कधी पडलो, शुद्ध किती वेळ नव्हती, त्रास कशाने वाढतो, गोळ्या कोणत्या. घरचे एक माणूस बरोबर असावे.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग झेपेल तसे हळूहळू काम. डॉक्टर सांगेपर्यंत ट्रॅक्टर चालवू नये, दारूला शिवू नये.

मात्र डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलटी, झटके, बोबडी वळणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा गुंगी, यांपैकी काही दिसले तर तज्ज्ञ शोधत बसू नये. १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठावा. वयस्कर माणसांत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत काही आठवड्यांनीही डोक्यात रक्त साकळू शकते.

ते सभासद आता पुन्हा शेतावर येतात. घरात असे कोणी असेल तर त्याला ढोंगी म्हणू नका, एवढीच विनंती.