चालतंय तोवर

२०२५ च्या सप्टेंबरात आयफोन १७ बाजारात आला. त्यातलं सगळ्यात स्वस्त मॉडेल तेव्हा ८२,९०० रुपयांचं. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, हे मलकापूरच्या बाजार समितीत गाडी लावणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. भागाकार करून पाहिला: एक फोन म्हणजे दहा क्विंटल कापूस आणि वर बावीस किलो. तोही हमीभाव पदरात पडला तर.

हा हिशेब गळा काढण्यासाठी मांडलेला नाही. आयफोन मलकापुरातही विकला जातो, फायनान्सवर विकला जातो, आणि घेणाऱ्यांत कापूसवाल्यांची पोरंही असतात. पण वर्षभराच्या तंत्रज्ञानाचा आढावा घेताना नव्या वस्तूंच्या मागे धावायचं, ही रीत मला इथे बसून खोटी वाटते. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचं, विदर्भाचं प्रवेशद्वार म्हणवणारं, जिनिंगचं आणि व्यापाराचं हे गाव नव्या वस्तूची बातमी वाचतं, मोबाइलवर तिचा व्हिडिओही बघतं, आणि आहे तीच वस्तू वापरत राहतं. दुरुस्तीच्या दुकानात एक वाक्य दिवसातून कितीदा तरी कानावर येतं: ‘चालते ना? मंग चालू दे.’ इथली खरी बातमी असते ती चालणारी वस्तू कुणीतरी बाद ठरवल्याची. असं बाद ठरवणं २०२५ मध्ये जरा जास्तच झालं.

सगळ्यात मोठी तारीख १४ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजनाच्या बरोबर एक आठवडा आधी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला. २९ जुलै २०१५ ला आलेली ही प्रणाली दहा वर्षं जगली, म्हणजे तक्रारीला तशी जागा नाही. एक्सपी २००१ ते २०१४ चालली होती, विंडोज ७ ने जानेवारी २०२० मध्ये निरोप घेतला. पण तेव्हा आणि आता यात एक फरक आहे. पूर्वी नवी विंडोज टाकायला रॅम वाढवली, हार्ड डिस्क बदलली की भागायचं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. त्याआधीचं यंत्र कितीही धडधाकट असो, कंपनीच्या लेखी ते दारातच अडतं.

तहसील कचेरीच्या परिसरातल्या एखाद्या सेवा केंद्रात उभं राहून पाहा. टेबलाखाली काळा सीपीयू, त्यात चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, मध्यंतरी टाकलेली एसएसडी. यंत्र मिनिटाच्या आत सुरू होतं. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविमा, नॉन-क्रीमीलेअर, सगळं त्यावरच निघतं. या यंत्राला काय झालंय? काही नाही. चालवणारा म्हणतो, ‘अपडेट बंद झाले तं होऊ द्या, साइट उघडते ना.’ आता याच यंत्रावर दिवसभर लोकांचे आधार क्रमांक, बँक पासबुकं आणि फोटो चढत असतात. सुरक्षेची ठिगळं बंद झालेल्या यंत्रावर हे चालणं मला बरं वाटत नाही; पण त्या माणसाला वीसेक हजारांचा नवा खर्च करायला सांगायला माझी जीभ रेटत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत ठेवली आहे. त्यासाठी कंपनीचं खातं उघडायचं, आणि वर तीस डॉलर भरायचे नाहीतर यंत्रातली सेटिंग्ज त्यांच्या ढगात चढवायची. म्हणजे खातेदार तर व्हाच, वर पैसे द्या किंवा माहिती. वर्षभराची सवड मिळते हे खरं. ती घ्यावी, असंच मी सांगेन.

लिनक्स का नाही, असं पुण्याचे मित्र विचारतात. सी-डॅकने ‘बॉस’ नावाची आपली लिनक्स काढली, त्याला आता दीड-दोन दशकं झाली. पण सेवा केंद्रातली सगळी घडी विंडोजवर बसलेली असते. अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर, स्कॅनर. त्यातलं एक जरी रुसलं, तरी बाहेर रांग वाढते.

अंगठ्याच्या यंत्राचीही तीच कथा. आधार प्राधिकरणाने जुन्या ‘एल-झीरो’ पातळीची यंत्रं सोडून ‘एल-वन’ पातळीची घ्या, असं सांगितलं. कारण रास्त आहे. जुन्या यंत्रात ठसा संगणकाकडे गेल्यावर कुलूपबंद व्हायचा, नव्यात तो यंत्राच्या आतच होतो, मधल्या मधे पळवायला वाव राहत नाही. नवं यंत्र आलं, जुनं चालू स्थितीतलं यंत्र खणात गेलं. आणि मग कापूस वेचून, निंदून बोटांच्या रेषा झिजलेली बाई समोर बसते. अंगठा, मग तर्जनी, मग दुसरा हात. बोट पुसायचं, काच पुसायची. ‘मावशी, अंगठा येऊन नाही राह्यला.’ ‘मंग काय करू बा, नवा लावू?’ रांगेतले हसतात, मावशीही हसते, आणि मग चेहऱ्याने ओळख पटवायचा प्रयत्न सुरू होतो. त्यासाठी बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा फोन लागतो.

इथे मला जे म्हणायचंय त्यापाशी आलो. मलकापूर तालुक्यात फोन कोण विकतं? कंपन्यांना वाटतं त्यांच्या जाहिराती विकतात. दुकानदारांना वाटतं झिरो डाउन पेमेंटवाला फायनान्सचा पोरगा विकतो. माझ्या मते सरकार विकतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, तोही ठिकाणासकट. २०२५ च्या सप्टेंबरपासून भारतीय कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ अॅप आणलं. हमीभावाने कापूस द्यायचा तर आधी त्यावर नोंदणी, मग केंद्रावरचा दिवस ठरवणं. ३० सप्टेंबरची मुदत पुढे ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली, यातच काय ते आलं. १८ सप्टेंबरला लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही लागतो आणि त्यांच्या फोनवर ओटीपी जातो. नवरा सुरतेला कामाला आणि ओटीपी तिकडे, ही त्या नवरात्रातली घरोघरची अडचण होती. बटनाचा फोन पुरत होता त्या घरात दुसरा फोन येतो तो असा. हौसेची किंवा गरजेची खरेदी म्हणावी, तर ती या दोन्हींत कुठेच बसत नाही.

मागे वळून पाहिलं तर गावात संगणकही असाच शिरला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा सुरू झाली, सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागणार असं ठरलं, आणि तालुक्या-तालुक्यांत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. दहा वर्षं आधी, १९९१ मध्ये, शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांनी पुण्यात परम ८००० हा महासंगणक उभा केला होता, पण म्हणून काही अकोल्या-बुलढाण्याकडे संगणक आला नव्हता. त्याला वाट करून दिली ती परीक्षेच्या सक्तीने. सक्ती वाईट, असं सरसकट मी म्हणणार नाही. त्या क्लासांतून कित्येक मुली टायपिंगपलीकडे गेल्या, काही पुण्याला जाऊन स्थिरावल्या. फक्त सक्ती करणाऱ्याने समोरच्याच्या हातातलं यंत्र किती जुनं आहे हे पाहून अॅप बनवावं, एवढीच अपेक्षा. चार वर्षांपूर्वीच्या, भरलेल्या मेमरीच्या, काच तडकलेल्या फोनवर आणि शिवारातल्या अर्ध्या दांडीच्या रेंजवर ते चालून दाखवा, मग मुदत जाहीर करा.

जिओफोनची गोष्ट याहून वाईट. २०१७ मध्ये पंधराशे रुपये अनामत घेऊन आलेला हा बटनाचा फोन, पुढच्या वर्षी त्यावर व्हॉट्सअॅप आलं, आणि खेड्यातल्या कितीतरी बायांचा भाऊ-भाचरांशी बोलायचा तो पहिला स्वतःचा रस्ता झाला. व्हॉट्सअॅपने त्या फोनांसाठीची सेवा गुंडाळली. पाठोपाठ किटकॅटवर चालणारे जुने अँड्रॉइडही १ जानेवारी २०२५ पासून गेले. त्या फोनांची बटनं शाबूत आहेत, बॅटरी दोन दिवस टिकते. महानगरी वर्तमानपत्रांत ही बातमी दोन ओळींची होती.

मोठ्या कंपन्यांच्या उलथापालथीबद्दल भराभर. २७ जानेवारी २०२५ ला चीनच्या डीपसीकने अमेरिकेच्या शेअर बाजाराला असा धक्का दिला, की एन्व्हिडियाचं एका दिवसात सहाशे अब्ज डॉलरच्या आसपास मूल्य गेलं. जुलैत तीच कंपनी चार लाख कोटी डॉलरच्या वर पोचली. यातून मला एवढंच कळलं, की या बाजाराला स्वतःलाच स्वतःचा अंदाज नाही. ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारने इंटेलमध्ये दहा टक्क्यांच्या घरात हिस्सा घेतला. ‘पेंटियम फोर घेतला’ असं लग्नातल्या सोन्यासारखं सांगणाऱ्या पिढीला हे पाहून गंमत वाटली असेल. ५ मे ला स्काइप बंद झालं, आणि परदेशातल्या मुलाशी सायबर कॅफेत हेडफोन लावून मोठ्याने बोलणारे आईवडील आठवले. २२ सप्टेंबरपासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. फोन आणि संगणक होते तिथेच, १८ वर. दसऱ्याला टीव्हीच्या दुकानात गर्दी होती. बास.

मी जास्त रेंगाळणार आहे ते छापखान्यात. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं छापणाऱ्या दुकानांत आजही पेजमेकर ७ चालतो. २००१ साली आलेली ही त्याची शेवटची आवृत्ती. खाली एक्सपी किंवा विंडोज ७, इंटरनेट काढून टाकलेलं, आणि सोबत श्रीलिपी किंवा आकृती. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. तिचं कुलूप म्हणजे संगणकाच्या मागे खोचलेला एक छोटा ठोकळा, डोंगल. तो हरवला की मराठी हरवली. हा ठोकळा दुकानदार रात्री गल्ल्यात ठेवून जातात. अशा यंत्रावर तीस-पस्तीस वर्षांतलं आपलं किती लेखन जुळवलं गेलं असेल! जिल्ह्यातली साप्ताहिकं, शाळांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल, गौरवग्रंथ, आणि दिवाळी अंक तर ढिगाने.

त्या फाइलींच्या पोटात मात्र मराठी नाही. जुन्या फाँटची युक्ती अशी होती, की संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असायचं, फक्त त्याचं चित्र देवनागरीचं काढायचं. एका खुणेला अर्धा ‘म’, दुसरीला काना, तिसरीला रफार. फाँट काढून घ्या, की ‘मलकापूर’च्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरच्या खुणांची रांग उरते. शोधयंत्राला त्यात मलकापूर सापडत नाही. वास्तविक युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. पण पेजमेकरला युनिकोड कधी आलंच नाही, आणि पेजमेकर आम्ही सोडला नाही.

मलकापुरात हे सांगताना विष्णु भिकाजी कोलत्यांचं नाव काढावंच लागतं. जवळच्या नरवेलचे. महानुभाव वाङ्मयाच्या संशोधनात त्यांनी आयुष्य घातलं, त्यांनी संपादित केलेलं ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने छापलं. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, नाहीतर खूण. किल्ली नसेल त्याला पोथी मुकी. महानुभावांनी निदान जाणूनबुजून, पोथी जपण्यासाठी तसं केलं होतं. आपण १९९० नंतर तेच केलं, नकळत, आणि किल्ली एका ठोकळ्यात ठेवून गल्ल्यात टाकली. आज मलकापुरातलं अभियांत्रिकी महाविद्यालय कोलत्यांच्या नावाचं आहे, हा योग मला नेहमी मजेशीर वाटतो.

२०२५ चा सगळा गाजावाजा ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा, तिच्याशी याचा थेट संबंध आहे. जुलैत एअरटेलने आपल्या ग्राहकांना परप्लेक्सिटीची वर्षभराची, सतरा हजारांची म्हणवली जाणारी सेवा फुकट दिली. ऑगस्टमध्ये चॅटजीपीटीने भारतासाठी ३९९ रुपयांची योजना काढली. फुकट आहे तोवर जरूर वापरा. सवय लागल्यावर दाम लागेल, हे कुणी समजावून सांगायची गरज नाही, जिओच्या रिचार्जने ते शिकवलंय. पण या यंत्रांना मराठीत काही विचारून पाहा. व्याकरण बरोबर असतं, बोलणं कुठल्याच गावचं नसतं. बोंडअळीवर विचारलं तर उत्तर पुस्तकी, वऱ्हाडीत विचारलं तर गडबड. येईल कुठून? त्यांनी वाचलं ते इंटरनेटवरचं. आमच्या स्मरणिका, आमची साप्ताहिकं, कापसाच्या भावावरचे अग्रलेख, पेजमेकरच्या फाइलींत अडकलेले. अमेरिकेतल्या कंपनीने मराठीकडे दुर्लक्ष केलं म्हणून आपण ओरडतो. तिच्यापुढे वाचायला काय ठेवलं, ते आपलं आपण पाहावं.

या फाइली युनिकोडमध्ये आणणारी साधनं आहेत. ती चुकतात. रफार भलत्या अक्षरावर बसतो, ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते, जोडाक्षरं फुटतात. म्हणून यंत्राच्या मागे डोळे लागतात, मराठी शुद्ध वाचणारे. अभियांत्रिकीच्या मुलांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला कुठल्याशा परदेशी माहितीसाठ्यावर काम करण्यापेक्षा गावातल्या एका छापखान्याच्या फाइली घ्याव्यात, मराठीच्या प्राध्यापकांनी पडताळून द्याव्यात. जुन्या हार्ड डिस्का आहेत तोवर हे होईल, आणि त्या फार काळ राहणार नाहीत.

ही कल्पना एका छापखानेवाल्याला सांगून पाहिली. पत्रिकेतलं कुलदैवत बदलता बदलता त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘फाइली ने ना भाऊ, पेन ड्राइव्ह भरून ने. पन डोंगल नाही भेटन.’