हिपॅटायटिस बी आणि बाळाचे पहिले चोवीस तास

हिपॅटायटिस बी हा यकृताला ग्रासणारा विषाणुजन्य आजार असून, त्याचे पुढे काय होणार हे विषाणू शरीरात कोणत्या वयात शिरला यावर फार मोठ्या प्रमाणात ठरते. प्रौढपणी संसर्ग झालेल्या निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास लोक काही महिन्यांत त्यावर मात करतात. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या बाळांपैकी मात्र सुमारे ९० टक्के बाळांच्या शरीरात तो कायमचा ठाण मांडतो आणि काही दशकांनंतर सिरोसिस, म्हणजे यकृत निबर होऊन आक्रसण्याचा विकार, किंवा यकृताचा कर्करोग या रूपाने वर येऊ शकतो. हा विषाणू यकृतपेशींना स्वतःहून फारसा मारत नाही, त्यांच्यावर हल्ला करते ती शरीराची प्रतिकारशक्ती. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती या पाहुण्याला परका म्हणून ओळखतच नसल्यामुळे बाळ आजारी दिसत नाही, रडत नाही, पिवळे पडत नाही, आणि म्हणूनच संसर्ग वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख लोक या दीर्घकालीन संसर्गासह जगत होते आणि त्यांपैकी २ कोटी ९८ लाख भारतात होते. आपल्या भोपाळपुरते बोलायचे तर एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी लागते. सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बीची लस २००२-०३ मध्ये देशातील निवडक शहरांत व जिल्ह्यांत आली, २००७-०८ मध्ये ती ज्या दहा राज्यांत पोहोचली त्यांत मध्य प्रदेश व महाराष्ट्र होते, आणि २०११ पासून ती देशभर लागू झाली. याचा अर्थ असा की आज भोपाळच्या प्रसूतिगृहांत येणाऱ्या बहुतेक स्त्रिया ही लस सार्वत्रिक होण्याआधी जन्मलेल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणाला संसर्ग असल्यास त्यात तिचा काही दोष असण्याचे कारण नाही, कारण अनेकदा तो तिला तिच्या जन्माच्या वेळीच मिळालेला असतो.

गरोदरपणात पहिल्या तपासणीतच हिमोग्लोबिन, एचआयव्ही व सिफिलिस यांच्या चाचण्यांबरोबर विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाची, म्हणजे पृष्ठ-प्रतिजनाची, चाचणी व्हावी लागते. शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तात सापडलेले आणि त्यांना १९७६ चे नोबेल मिळवून देणारे प्रथिन ते हेच. चाचणी होकारार्थी आली की रक्तात विषाणू किती आहे हे मोजले जाते. एका मिलिलिटरमध्ये तो २ लाख आंतरराष्ट्रीय एकके किंवा त्याहून अधिक असेल, तर टेनोफोविर या विषाणुरोधक औषधाची रोज एक गोळी गरोदरपणाच्या उत्तरार्धात सुरू करून निदान प्रसूतीपर्यंत चालू ठेवली जाते, कारण इतका विषाणू असताना केवळ जन्मानंतरच्या लसीवर विसंबल्यास काही बाळांना संसर्ग होतोच. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली ही तपासणी व हे उपचार मोफत आहेत.

यापुढचा खरा कस प्रसूतीच्या वेळी लागतो. बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, आणि २४ तासांच्या आत, मांडीत लसीचा पहिला डोस मिळाला पाहिजे. आई संसर्गित असेल तर त्याबरोबरच, शक्यतो १२ तासांच्या आत, दुसऱ्या मांडीत हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे मानवी रक्तद्रवातून वेगळी काढलेली तयार प्रतिपिंडे, टोचली जातात. लस बाळाच्या शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवते, पण त्याला काही आठवडे लागतात. तोवरचा पहारा ही उसनी प्रतिपिंडे करतात.

हे सारे कागदावर सोपे असले तरी ते अडते अगदी साध्या ठिकाणी. लसीच्या कुपीत पुष्कळदा दहा डोस असतात आणि रात्री तीन वाजता एकच बाळ जन्मले असताना एका बाळासाठी कुपी फोडून नऊ डोस वाया घालवायचे का, असा प्रश्न परिचारिकेला पडतो. अनेक ठिकाणी तर लसीचा फ्रीज ज्या खोलीत असतो तिला रात्री व रविवारी कुलूप असते. वास्तविक भारतातील नियमांनुसार ही कुपी उघडल्यावर २ ते ८ अंश तापमानात ठेवल्यास, तिच्यावर उघडल्याची तारीख व वेळ लिहिलेली असल्यास आणि लेबलावरच्या वर्तुळातील चौकोन वर्तुळाच्या रंगाइतका गडद झालेला नसल्यास २८ दिवस वापरता येते. ती गोठू मात्र देऊ नये, कारण गोठल्यावर तिच्यातील ॲल्युमिनियमचे क्षार गुठळ्या धरतात आणि लस निकामी होते. प्रसूतिकक्षातच एक लहान फ्रीज व एक उघडलेली कुपी असणे, ही कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा मोलाची सोय आहे.

दुसरी अडचण आपल्या रीतीतून येते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा असल्याने भोपाळमध्ये तपासणी झालेली स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात विदिशा, सीहोर किंवा रायसेनला जाते, इथली मराठी कुटुंबे सुनेला नागपूर-अमरावतीकडे पाठवतात किंवा लेकीला तिकडून आणतात, आणि अहवाल मागेच राहतो. १९०१ ते १९२६ या काळात भोपाळवर राज्य केलेल्या सुलतान जहाँ बेगम यांनी ज्या शहरात लसीकरण व सार्वजनिक आरोग्याला अग्रस्थान दिले, त्याच शहरात आज एका कागदाच्या अभावी बाळाला आयुष्यभराचा आजार जडावा हे मन मानत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर ही नोंद ठळकपणे झाली पाहिजे, आणि अहवाल हाती नसला तरी प्रत्येक बाळाला पहिला डोस दिलाच पाहिजे.

घरच्यांच्या मनातील भीतीलाही उत्तर द्यावे लागते. केवळ या संसर्गासाठी सिझेरियन करण्याची गरज नसते. स्तनपानाने हा विषाणू पसरत असल्याचा पुरावा नाही, आणि लस व प्रतिपिंडे मिळालेल्या बाळाला आईचे दूध निश्चिंतपणे पाजावे. सासूच्या किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून बाळाचे अंगावरचे दूध तोडणे हा आई व बाळ दोघांवरही अन्याय आहे. पतीची व घरातील इतरांची तपासणी करून ज्यांना संसर्ग नाही त्यांना लस द्यावी, आईची ताटवाटी वेगळी करू नये.

प्रसूतीनंतर आईची प्रतिकारशक्ती पूर्ववत होताना यकृताला सूज येण्याचा संभव असल्याने, गोळी थांबवली असो वा नसो, पुढचे सहा महिने तिच्या यकृताच्या चाचण्या करत राहाव्या लागतात. बाळाचेच सगळे पाहण्याच्या भरात हे हमखास राहून जाते. बाळाला ६, १० व १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित, लसीतून उरलेले डोस मिळतात आणि ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान त्याच्या रक्तात पृष्ठ-प्रतिजन व प्रतिपिंडे दोन्ही तपासली जातात; नऊ महिन्यांआधी तपासल्यास जन्मवेळी टोचलेली उसनी प्रतिपिंडेच मोजली जाऊन फसगत होऊ शकते. संसर्ग नसूनही प्रतिपिंडे एका मिलिलिटरमध्ये १० मिली-आंतरराष्ट्रीय एककांहून कमी भरली, तर बाळाला लस पुन्हा दिली जाते आणि महिना-दोन महिन्यांनी रक्त परत तपासले जाते.