आत्मपरीक्षणातून नेतृत्वाची घडण

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागात नेतृत्वाची नवी फळी उभी राहू लागली. निवडणुकीने पद मिळते. नेतृत्व मात्र पदाबरोबर आपोआप येत नाही. केलेल्या कामाकडे वळून पाहण्याच्या सवयीतून ते हळूहळू घडत जाते. बुलढाणा जिल्ह्याला या विचाराचा जुना वारसा आहे.

दुसऱ्याचे माप स्वतःला

ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. सुरत येथे १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीवर्गावर टीकेची झोड उठली. त्यास उत्तर म्हणून ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांच्या ठायी आहेत की नाहीत, हे त्यांनी एकेक करून तपासले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू उचलून धरली.

दुसऱ्यास लावलेले माप प्रथम स्वतःस लावावे, हाच आत्मपरीक्षणाचा गाभा होय.

आजची कसोटी

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत महिलांना किमान एक-तृतीयांश जागा मिळाल्या; महाराष्ट्रात २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर गेले. तथापि, काही ठिकाणी सरपंच पत्नी असते आणि कारभार पती पाहतो. अशा वेळी ‘महिलांना अनुभव नाही’ असे म्हणणाऱ्या पतीने, त्यांना अनुभव मिळू नये अशी व्यवस्था आपणच तर केली नाही ना, हे पाहावे. सरपंचांऐवजी त्यांच्या पतीशी चर्चा करणाऱ्या अधिकाऱ्यासही हाच प्रश्न लागू पडतो.

विचारासाठी वेगळी बैठक

आत्मपरीक्षण सामूहिकही असू शकते. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगटाची पद्धत रुजविली. अभ्यासगटात केवळ माहिती घेतली जाते व चर्चा होते; निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. विचार आणि निर्णय यांची अशी फारकत केल्याने, आपले मत बदलण्यात कोणास कमीपणा वाटत नाही. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे अशा दीर्घ तयारीचे बळ होते.

नेतृत्व पायरीपायरीने

बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतील ग्रामपंचायतींना ही सवय लावून घेण्यास वेगळा निधी लागत नाही. मागील सभेचे इतिवृत्त हेच त्याचे साधन होय. ते केवळ वाचून कायम करण्याऐवजी प्रत्येक ठरावापुढे तीन प्रश्न विचारावेत: काम झाले काय? झाले नसल्यास का? आणि त्या कारणांपैकी आपल्या हातचे कोणते होते?

नवा पदाधिकारी प्रारंभी बहुधा बाहेरचीच कारणे सांगतो: निधी आला नाही, मंजुरी रखडली. पाणीपट्टीची वसुली झाली नाही, तर ग्रामस्थांना बोल लावतो. तिसरा प्रश्न वारंवार समोर आला, म्हणजे प्रस्ताव आपणच उशिरा पाठविला, अथवा शेवटच्या वस्तीला पाणी पोहोचते की नाही हे पट्टी मागण्यापूर्वी पाहिले नाही, असे ध्यानी येऊ लागते. पुढच्या वेळी तो अगोदर वस्तीवर जातो. शिक्षकानेही विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीचा विचार याच रीतीने करावा.

आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःस दोष देत बसणे नव्हे. निधीची टंचाई वा वरिष्ठांचा विलंब ही कारणे खरीही असतात व ती निर्भयपणे नोंदविली पाहिजेत. परंतु आपल्या वाट्याचे काम चोख झाले असेल, तरच त्या तक्रारीला वजन येते. ज्या सभेत सरपंच आपली चूक मोकळेपणाने सांगू शकतात, त्या सभेत सामान्य ग्रामस्थही निर्धास्तपणे प्रश्न विचारतो. आणि त्यांतूनच गावाचे उद्याचे नेतृत्व पुढे येते.