सुरतेच्या घंटीला कच्चा हिरा येतो कुठून? रफच्या पुरवठ्याचं गणित समजून घेऊ

सुरतेच्या हिरे कारखान्यांत दिवाळीची सुट्टी ठरलेली असते, साधारण तीन आठवड्यांची. पण गेल्या दोन-तीन वर्षांत ही सुट्टी लांबत चालली आहे, आणि मधल्या काळातही कारखाने बंद राहू लागले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये एका मोठ्या कंपनीने सण नसताना आपल्या कारागिरांना दहा दिवसांची सुट्टी दिली होती. उधना, लिंबायत, डिंडोली भागात राहणाऱ्या नंदुरबार, धुळे, जळगावच्या कुटुंबांत मग एकच प्रश्न फिरतो: काम का नाही? कुणी म्हणतं युद्धामुळे, कुणी म्हणतं अमेरिकेमुळे, कुणी म्हणतं लॅबच्या हिऱ्यामुळे. तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. सुरतेचा हा अवाढव्य धंदा ज्या कच्च्या मालावर चालतो, तो सुरतेचा नाही, गुजरातचा नाही आणि भारताचाही जवळपास नाहीच.

हात आपले, माल परका

जगात पैलू पाडले जाणारे दहापैकी नऊ हिरे नगाच्या हिशोबाने भारतात, आणि त्यातले बहुतेक सुरतेत घडतात. या कामावर काही लाख कारागीर अवलंबून आहेत. सौराष्ट्रातले लोक त्यात सर्वाधिक, पण आपल्या खान्देशातली, उत्तर प्रदेशातली, ओडिशातली माणसंही आहेत. कच्च्या हिऱ्याला बाजारात सगळे 'रफ' म्हणतात, आणि हा रफ येतो रशिया, बोत्सवाना, अंगोला, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, काँगो, नामिबिया या देशांतून.

एक काळ असा होता की हिरा म्हणजे भारतच. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला गोवळकोंड्याचा हिरा माहीत होता. पुढे १८६७ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत हिरे मिळाले आणि खाणीचा धंदा कायमचा तिकडे गेला. सुरत आणि नवसारीकडे राहिली ती कारागिरी. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई होती, तेव्हा सरकारने पॉलिश्ड हिरा निर्यात करणाऱ्याला त्या प्रमाणात रफ आयात करायचा परवाना द्यायला सुरुवात केली. लहान कारखानदारांना रफ मिळावा म्हणून १९७८ मध्ये सरकार आणि डी बीअर्स यांच्या भागीदारीत हिंदुस्थान डायमंड कंपनीही निघाली. म्हणजे रफ मिळवायचा कसा, हा प्रश्न आजचा नाही. धंद्याइतकाच जुना आहे.

खाणीपासून महिधरपुऱ्यापर्यंत

माल येतो कसा, ते बघू. खाण कंपनी रफची प्रतवारी करते आणि तो तीन पद्धतींनी विकते. पहिली पद्धत 'साइट'. डी बीअर्स वर्षातून दहा वेळा ठरावीक खरेदीदारांना बोलावते आणि तयार खोक्यातला माल दाखवते. या खरेदीदारांना साइटहोल्डर म्हणतात. खोक्यात काय ठेवायचं आणि भाव काय, हे कंपनी ठरवते. ही विक्री पूर्वी लंडनमध्ये व्हायची, २०१३ पासून ती बोत्सवानाची राजधानी गॅबोरोन इथे होते. दुसरी पद्धत लिलावाची आणि तिसरी दीर्घ मुदतीच्या कराराची. रशियाची अलरोसा कंपनी प्रामुख्याने करारावर माल देते.

तिथून पुढे माल अँटवर्प किंवा दुबईमार्गे मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्सला येतो. सोबत किंबर्ले प्रमाणपत्र लागतं. हिऱ्याच्या पैशावर यादवी युद्धं चालू नयेत म्हणून २००३ पासून ही व्यवस्था आहे. प्रमाणपत्र नसेल तर कस्टममध्येच माल अडतो. मुंबईहून आंगडियामार्फत पुड्या सुरतेला पोचतात.

आता मुद्द्याची गोष्ट. सुरतेतले बहुतेक कारखानदार साइटहोल्डर नाहीत. ते मोठ्या व्यापाऱ्याकडून, महिधरपुरा किंवा वराछाच्या मिनी बाजारातून रफ घेतात. वर प्रीमियम द्यावा लागतो, आणि बराच व्यवहार उधारीवर चालतो. पुरवठा आटला की मोठ्या कंपनीला माल उशिरा मिळतो, पण वीस-तीस घंट्यांच्या कारखान्याला तो मिळतच नाही. आपली बरीच माणसं अशाच लहान कारखान्यांत असतात.

दोन धक्के: ऑस्ट्रेलिया आणि रशिया

पश्चिम ऑस्ट्रेलियातली अर्गाइल खाण सुरतेसाठी फार महत्त्वाची होती. तिथला हिरा बहुतेक लहान आणि तपकिरी रंगाचा. इतर देशांत त्याला पैलू पाडणं परवडत नव्हतं, सुरतेने ते करून दाखवलं. १९९६ मध्ये अर्गाइलने डी बीअर्सच्या विक्री व्यवस्थेतून बाहेर पडून स्वतः माल विकायला सुरुवात केली, तेव्हा तिचा मोठा आधार भारतीय कारखानदार होते. स्वस्त हिऱ्याचे दागिने अमेरिकेच्या मॉलपर्यंत पोचले ते याच मालामुळे. नोव्हेंबर २०२० मध्ये ही खाण बंद झाली. भांडण नव्हतं, निर्बंध नव्हते. परवडेल असा माल संपला, एवढंच.

दुसरा धक्का रशियाचा. जगातला साधारण तीस टक्के रफ अलरोसा काढते, आणि त्यात सुरतेला लागणारा लहान माल भरपूर असतो. युक्रेन युद्धानंतर एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेने अलरोसावर निर्बंध घातले. जी-७ देशांनी १ जानेवारी २०२४ पासून रशियाचा हिरा थेट आणायला बंदी केली. १ मार्चपासून रशियन रफ दुसऱ्या देशात घडवला असला तरी एक कॅरेट आणि त्यावरच्या हिऱ्याला बंदी आली, आणि सप्टेंबर २०२४ पासून ही मर्यादा अर्ध्या कॅरेटवर आली.

आता कुणी म्हणेल, सुरतेचा बराचसा माल अर्ध्या कॅरेटच्या आतलाच, मग अडचण काय? अडचण अशी की कारखान्यात वेगवेगळ्या देशांचा माल एकत्र होतो. ग्राहकाने विचारलं, हा हिरा रशियाचा नाही हे दाखवा, तर प्रत्येक पुडीचा हिशोब पहिल्यापासून वेगळा ठेवावा लागतो. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी माणसं आणि सॉफ्टवेअर आहे. लहान कारखानदाराकडे वही आहे.

२०२३: रफ नको म्हणायची वेळ

पुरवठ्याची सुरक्षितता म्हटलं की आपल्याला टंचाई आठवते. पण माल असूनही तो परवडत नाही, अशी वेळही येते. २०२३ मध्ये तसंच झालं. अमेरिका आणि चीनमधली मागणी पडली, पॉलिश्डचे भाव उतरले, पण रफ त्या मानाने महागच राहिला. शेवटी रत्न-आभूषण निर्यात परिषद आणि व्यापारी संघटनांनी १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर असे दोन महिने रफ आयात थांबवण्याचं आवाहन केलं.

हे का करावं लागलं, ते समजायला एक काल्पनिक हिशोब करू. समजा ९० रुपयांचा रफ आहे. मजुरी आणि इतर खर्च ८ रुपये. पॉलिश्ड विकला १०० रुपयांना. हातात राहिले २ रुपये. आता रफ फक्त पाच टक्क्यांनी महागला, म्हणजे साडेचौऱ्याण्णव रुपये झाला, आणि पॉलिश्डचा भाव तोच राहिला. खर्च धरून एकूण झाले साडेएकशे दोन. म्हणजे अडीच रुपयांचा तोटा. खाणवाल्याचा भाव कारखानदार बदलू शकत नाही, न्यूयॉर्कच्या दुकानाचाही नाही. त्याच्या हातात उरतात ते मधले ८ रुपये. त्यातच कारागिराची मजुरी आहे. म्हणून पहिली कात्री नगावरच्या दराला लागते, मग कामाच्या तासांना, मग सुट्टी वाढते.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा या गणिताला विक्रीच्या बाजूनेही फटका बसला.

खाणवाले देशही हिशोब करतात

बोत्सवाना म्हणतो, हिरा आमच्या जमिनीतला, तर पैलू पाडायचं कामही आमच्या पोरांना मिळायला हवं. त्यात चुकीचं काही नाही. तिथला रफ काढणारी देबस्वाना ही सरकार आणि डी बीअर्स यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीतली कंपनी. फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या नव्या करारानुसार तिच्या मालातला सरकारी कंपनीचा वाटा सुरुवातीला ३० टक्के आणि पुढे टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत जाणार आहे. म्हणून काही भारतीय कंपन्यांनी तिथेच कारखाने टाकले आहेत. कंपनीला रफ मिळतो, पण तेवढी घंटी सुरतेत फिरत नाही.

भारताने काय केलं? नैसर्गिक रफवर आयात शुल्क ठेवलेलं नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या बोर्समध्ये विशेष अधिसूचित क्षेत्र सुरू झालं, जिथे परदेशी खाण कंपन्या माल आणून दाखवू शकतात, म्हणजे लहान खरेदीदाराला अँटवर्पचं तिकीट काढावं लागत नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात या कंपन्यांना इथे रफ विकण्यासाठी कराचे ठरावीक दर देण्याची घोषणा झाली. डिसेंबर २०२३ मध्ये साडेचार हजारांहून जास्त कार्यालयांच्या सुरत डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं. पण इमारत बांधली म्हणून व्यापार आपोआप येत नाही. मुंबईतले व्यापारी सुरतेला हलायला तयार होईनात, हे सगळ्यांनी पाहिलं.

आपली स्वतःची खाण?

देशातली एकमेव यांत्रिक हिरा खाण मध्य प्रदेशात पन्नाजवळ मझगवाँ इथे आहे, एनएमडीसीची. तिची वार्षिक क्षमता ८४ हजार कॅरेट. आणि २०२३ मध्ये जगात रफ निघाला साधारण ११ कोटी कॅरेट. म्हणजे ही खाण पूर्ण क्षमतेने चालली तरी जगाच्या उत्पादनात तिचा वाटा एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. पर्यावरण परवान्याची मुदत संपल्यामुळे ती २०२१ पासून काही वर्षं बंदही होती.

छतरपूर जिल्ह्यातल्या बक्सवाहा जंगलात बंदर प्रकल्प आहे. रिओ टिंटो कंपनीने तिथे हिरे शोधले आणि २०१७ मध्ये प्रकल्प सोडला. २०१९ मध्ये आदित्य बिर्ला समूहाने लिलावात तो घेतला. अंदाज ३ कोटी ४२ लाख कॅरेटचा आहे, आणि दोन लाखांहून जास्त झाडं तोडावी लागतील असं समोर आल्यावर विरोध होऊन प्रकरण न्यायालयात गेलं. सगळा माल निघाला असं धरलं, तरी तो जगाच्या चार महिन्यांच्या उत्पादनाएवढाही नाही. आपली खाण सुरतेला पुरेल, ही आशा त्यामुळे बाजूला ठेवलेली बरी.

लॅबचा हिरा: खाणीला उत्तर, नवा प्रश्न

मग सुरतेने वेगळी वाट धरली. सीव्हीडी पद्धतीत हिऱ्याची पातळ चकती, म्हणजे सीड, यंत्रात ठेवतात. मिथेन आणि हायड्रोजन वायू सोडून प्रचंड तापमान देतात, आणि कार्बनचे थर चढत काही आठवड्यांत रफ तयार होतो. खाण नको, निर्बंध नको. २०२३ च्या अर्थसंकल्पात सीडवरचं ५ टक्के शुल्क काढलं गेलं आणि आयआयटी मद्रासला संशोधनासाठी पाच वर्षांकरता सुमारे २४२ कोटी रुपये मंजूर झाले. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा लॅबमधला हिरा भेट दिला.

पण जे कुणालाही बनवता येतं, त्याचा भाव टिकत नाही. यंत्रं वाढली तसे लॅबच्या हिऱ्याचे भाव कोसळले, आणि स्वस्त लॅब हिऱ्याने नैसर्गिक हिऱ्याचंही गिऱ्हाईक ओढलं. काही कारागिरांना यातून काम मिळालं, हे खरं. मात्र इथे कच्चा माल म्हणजे वीज, वायू आणि यंत्र. ज्या देशात वीज स्वस्त आणि यंत्र चांगलं, तो पुढे.

आपल्या माणसांनी काय पाहावं

सुरतेत काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी तीन गोष्टींवर नजर ठेवावी. डी बीअर्स आणि अलरोसा यांचे रफचे भाव. अमेरिकेत नोव्हेंबर-डिसेंबरच्या सणासुदीत झालेली विक्री, कारण जानेवारीनंतरचं काम त्यावर ठरतं. आणि निर्बंधांच्या नियमांतले बदल.

यापेक्षा महत्त्वाचं काम कागदाचं आहे. मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने ३१ मार्च २०२४ नंतर काम गेलेल्या रत्नकलाकारांसाठी मदत जाहीर केली. त्यात मुलांच्या शाळेची वर्षाला १३,५०० रुपयांपर्यंतची फी होती. अशी मदत मागायला कारखान्यात काम केल्याचा पुरावा लागतो. नगावर मजुरी, हातात रोख, नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही, अशा कारागिराने तो आणायचा कुठून? म्हणून कारखान्याचं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, बँकेत जमा झालेल्या मजुरीच्या नोंदी जपून ठेवा. मजुरी शक्यतो खात्यातच घ्या.

रफ कुठून येणार, हे गॅबोरोन, मॉस्को आणि दुबईत ठरतं. त्यावर आपला जोर नाही. पण कारागिराला कागद द्यायचा की नाही, हे सुरतेत ठरतं, आणि तो मागायचा हक्क प्रत्येकाला आहे.