घरं विखुरलेली, गाव एक

पालघर जिल्ह्यातल्या जव्हारहून साखरशेतला निघालेल्या नवख्या माणसाला गाव नेमकं कुठे सुरू झालं, ते पटकन कळत नाही. शासकीय आश्रमशाळा दिसते, प्राथमिक आरोग्य केंद्र दिसतं. पण वेस, चावडी, पेठ, भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांची आळी, असं देशावरच्या गावात हमखास सापडणारं काही इथे नाही. थोडी घरं माळावर, थोडी उताराला, थोडी ओहोळापलीकडे. पाच-पंचवीस घरांचा एक पाडा, मग रान, मग पुढचा पाडा. जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत बहुतेक गावं अशीच वसलेली आहेत. दहातले नऊ जण आदिवासी: वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. २०११च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार होती आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार. एवढी माणसं डोंगरभर पांगलेली असताना त्यांची गावं होतात कशी? मला या भागातलं सर्वांत मोठं नवल हेच वाटतं.

पांगण्याचं कारण जमिनीत आहे. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. सलग सपाट जमीन मिळतच नाही. ओहोळाकाठी भाताची चार खाचरं, वर वरकस उतारावर नागली, वरई, उडीद, खुरासणी. जिथे खाचर आणि झरा, तिथेच चार घरं. सगळ्यांनी एका जागी राहायचं म्हटलं, तर निम्म्या लोकांना रोज डोंगर ओलांडून शेतावर जावं लागेल.

पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून वाहून जातो. कातळ पाणी धरत नाही. म्हणून ज्या मोखाड्यात जुलैमध्ये चार पावलांवरचं दिसत नाही, तिथल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, शंभर मीटरहून उंच. त्यातून मुंबईला रोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी मिळतं. धरणाच्या आसपासच्या डोंगरावर बाई हंडा घेऊन झऱ्यावर नंबर लावून बसते आणि खालचं पाणी शंभर किलोमीटरवरच्या नळाला जातं. हे वाचून कुणाला अस्वस्थ वाटलं, तर ते वाटायलाच हवं.

जागेने जे विखुरलं, ते एकत्र येतं वर्षाच्या फेऱ्यात. ही गावं जमिनीवर शोधली तर सापडत नाहीत, पंचांगात शोधली तर लख्ख दिसतात. वर्षाचे काही दिवस असे आहेत की त्या दिवसांत गाव असतं, आणि मधल्या काळात ते पुन्हा पाड्यापाड्यांत, कधी तर जिल्ह्याबाहेर, विरून जातं.

सुरुवात राबापासून. उन्हाळ्यात, रोपं ज्या तुकड्यात करायची तिथे शेणाचा थर, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यांच्या वर बारीक मातीचा पातळ थर. मग ते पेटवायचं. मौज पेटवण्यात आहे. वारा ज्या दिशेने वाहतो, त्याच्या उलट दिशेने जाळ सरकेल अशा बेताने काडी लावायची. वाऱ्याबरोबर सोडलेली आग भराभर वरवर पळून जाते. वाऱ्याविरुद्ध चालणारी आग हळूहळू, खालपर्यंत भाजत जाते. वरची माती धग आत दाबून धरते. त्या धगीने तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं आणि पहिल्या पावसावर पेरलेलं बी निर्वेध उगवतं. ही विद्या कुठल्या पुस्तकातून आलेली नव्हती. राबाला नावं ठेवली गेली, झाडांवर पडणाऱ्या कोयत्याबद्दल ती ठेवायलाही हवीत. पण दगडाळ उतारावर, विकतचं खत नसताना, एका काडीत तण आणि खत दोन्ही प्रश्न सोडवणाऱ्या माणसाची बुद्धी पाहून मी तरी थक्क होते.

पेटवायला एक माणूस पुरतो. आवणीला मात्र पुरत नाही. राबातलं रोप तीन-चार आठवड्यांचं झालं की उपटून खाचरात लावायचं, आणि तेही पाऊस हाताशी आहे तोवर. उशीर झाला तर रोप थोराड होतं आणि फुटवा कमी येतो. एका घराच्या माणसांनी एवढ्या थोड्या दिवसांत एवढं वाकणं शक्य नसतं. म्हणून आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. मजुरी रोकड नसते, ती आपल्या श्रमांनी फेडायची असते. ज्याच्या शेतावर काम, त्याच्याकडे जेवण. घोड नदीच्या खोऱ्यात महादेव कोळी याच रीतीने गट करून खाचरं बांधत, त्याला पडकई म्हणतात.

ही रीत एकट्या सह्याद्रीची नाही. अमेरिकेत आयोवा, इलिनॉयसारख्या मक्या-गव्हाच्या मुलखात शंभर वर्षांपूर्वी मळणीचं वाफेवरचं भलंमोठं यंत्र एका शेतकऱ्याला परवडत नसे. मग शेजारची कुटुंबं मिळून गट करत, यंत्र शेतामागून शेत फिरे, त्याच्यामागे सगळे पुरुष फिरत, आणि ज्या घरी यंत्र येई तिथल्या बायका शेजारणींना घेऊन पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक करत. कापणी आणि मळणी एकत्र करणारं यंत्र आलं, १९४०च्या दशकापर्यंत घरोघर पोचलं, आणि ते गट मोडले. साखरशेतच्या उतारावर तसं यंत्र चढतच नाही. गरिबीने इथे खूप काही हिरावून घेतलं, तरी एकमेकांच्या शेतात वाकण्याची ही देवाणघेवाण टिकली, त्यात या उताराचाही हात आहे.

भात तयार होतो आणि दिवाळीच्या आधी, आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारस येते. त्या दिवशी मान गुराख्यांचा. वर्षभर दुसऱ्यांची गुरं रानात नेणारी पोरं त्या दिवशी वाघदेवापाशी जमतात. वाघदेव म्हणजे गावाच्या शिवेवर रोवलेला लाकडाचा किंवा दगडाचा खांब. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य. गुरांना आणि माणसांना सांभाळ, एवढं मागणं. ज्या गावाला वेस नाही, त्याची हद्द इथे कळते. सगळे पाडे ज्या एका वाघाला नैवेद्य दाखवतात, ते एक गाव.

दिवाळी सरली की पाडे रिकामे व्हायला लागतात. भात चार-सहा महिन्यांपुरतंच पिकतं. मग माणसं जगायला बाहेर पडतात: भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, रेतीवर. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. घरात म्हातारी माणसं राहतात. या तुटवड्याची किंमत मुलं मोजतात: १९९२-९३ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीच्या परिसरात कुपोषणाने इतकी बालकं दगावली की त्या गावांची नावं राज्यभर पोचली. साखरशेतसारख्या गावातल्या आश्रमशाळेचं महत्त्व या महिन्यांत कळतं. आईबाप भट्टीवर असताना मूल शाळेत जेवतं, झोपतं, शिकतं. नाहीतर तेही विटा थापायच्या जागी जातं.

आणि मग शिमगा येतो. होळीला आदिवासी माणूस परत येतो म्हणजे येतोच. होळीनंतर, फाल्गुन ते वैशाखाच्या दरम्यान, गावोगावी बोहाडा होतो, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवतात. कुठे तीन दिवस, कुठे सात. मोखाड्याचा जगदंबेचा उत्सव त्यात विशेष गाजलेला.

बोहाड्याला रंगमंच नसतो. गावातला रस्ता हाच रंगमंच, आणि दोन्ही बाजूंची ओटी, अंगणं ही प्रेक्षकांची जागा. रात्री टेंभे पेटतात, संबळ आणि पिपाणी सुरू होते, आणि रस्त्याच्या एका टोकाकडून सोंग निघतं. आधी गणपती, मग शारदा. पुढे मारुती, खंडेराव, भैरोबा, नरसिंह, वेताळ, त्राटिका, रावण. संवाद जवळजवळ नसतातच. देव ओळखायचा तो मुखवट्यावरून आणि चालीवरून. प्रत्येक सोंगाचा ठेका वेगळा, पावलं वेगळी. सोंग चार पावलं पुढे येतं, मागे सरतं, वळतं. बायकांची सोंगंही पुरुषच घेतात.

मुखवटा जवळून पाहावा. पूर्वी तो लाकडाचा असे, आता बहुधा कागदाच्या लगद्याचा. माणसाच्या चेहऱ्याहून कितीतरी मोठा, मागे बांधण्याची सोय, आत घाम टिपायला फडकं. रावणाला दहा तोंडं आणि हात, ते सगळं लाकडी सांगाड्यावर पाठीशी आवळून बांधलेलं. एवढं ओझं घेतलेल्या माणसाला धड समोरचं दिसत नाही. म्हणून त्याच्याजवळ एक जण सतत असतो, तो त्याला सावरतो, टेंभ्यापासून दूर ठेवतो, थकला की धरतो. दहा तोंडांचा रावण शेजाऱ्याच्या हातावर विसंबून नाचतो!

कुठलं सोंग कुणी घ्यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. नरसिंहाचं एका घराकडे, भैरोबाचं दुसऱ्या, महिषासुराचं तिसऱ्या. बाप थकला की मुलगा घेतो. मुखवटा घरात जपायचा, रंगवायचा, पूजा करायची, आणि त्या रात्री हजर व्हायचं. माझ्या मते बोहाड्याची सगळी किमया या वाटणीत आहे. इथे दिग्दर्शक नाही, संहिता नाही, पण एका घराने दांडी मारली तर एक देव कमी पडतो. भट्टीवर दोनशे विटांचा हिशेब चुकला म्हणून बोलणी खाणारा माणूस गावी परत येतो तेव्हा त्याच्याशिवाय ज्याचं काही चालत नाही, असं एक काम त्याची वाट पाहत असतं. शेवटच्या रात्री पहाटेच्या सुमाराला देवी आणि महिषासुराची लढाई होते. तोवर पोरं आयांच्या मांडीवर झोपलेली असतात, ती उठवून बसवली जातात. महिषासुर पडतो, लोक देवीच्या पाया पडतात, नवस फेडतात.

सुरगाणा, पेठ आणि पलीकडे डांगात हाच प्रकार भवाडा म्हणून होतो. दूर झारखंड-बंगालच्या सीमेवर छाऊचे मुखवटे नाचतात, तेही चैत्रातच. माझा तर्क असा, की पावसावर जगणाऱ्या डोंगरी मुलखात पीक घरात आलेलं आणि पुढचा पाऊस लांब असलेला हा एकच मोकळा कप्पा असतो, म्हणून देवांनाही तोच मिळाला.

पाड्यापाड्यांचं हे असं गाव ओळखायला कायद्याने फार उशीर केला. चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी स्थापन केलेलं जव्हारचं महादेव कोळी राज्य १९४८पर्यंत चाललं. पुढे ठाणे जिल्हा, २०१४पासून पालघर जिल्हा. कागदावर गाव म्हणजे महसुली गाव, त्यात अनेक पाडे कोंबलेले. अनुसूचित क्षेत्रांसाठीचा १९९६चा पेसा कायदा आला तेव्हा पहिल्यांदा लिहिलं गेलं, की आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे स्वतःचा कारभार चालवणाऱ्या समाजाची वस्ती किंवा पाडा हेही गाव असू शकतं. महाराष्ट्राचे नियम २०१४ साली झाले. पाड्यातल्या मतदारांनी ठराव करून प्रांताधिकाऱ्याकडे पाठवला, तर तो पाडा गाव म्हणून जाहीर होऊ शकतो आणि त्याची स्वतंत्र ग्रामसभा भरू शकते. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात असल्याने इथल्या प्रत्येक पाड्याला ही वाट मोकळी आहे.

एक अडचण उरते, आणि ती पुन्हा पंचांगाचीच. राज्यात ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. २६ जानेवारीला साखरशेतच्या आसपासचे कितीतरी लोक वीटभट्टीवर असतात, त्यांच्यामागे झालेला ठराव त्यांचा कसा म्हणायचा? रानाचे, पाण्याचे, पाड्याच्या पैशांचे महत्त्वाचे निर्णय शिमगा ते आवणी या काळातल्या सभांनाच घ्यावेत. तेव्हा बरीच माणसं घरी असतात.