‘लास्ट नेम’ म्हणजे शेवटचं नाव नव्हे

दहावी-बारावीचा निकाल लागला की नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत नेट कॅफेत गर्दी उसळते. कॉम्प्युटरवरचा मुलगा विचारतो, “लास्ट नेम काय टाकू?” आणि अब्बा नावातला शेवटचा शब्द सांगून मोकळे होतात. घोळ सुरू होतो तो इथूनच.

इंग्रजांकडे आडनाव शेवटी लिहितात, म्हणून त्याला ‘लास्ट नेम’ म्हणतात. अर्थ मात्र ‘आडनाव’ असाच आहे, मग ते कुठेही लिहिलेलं असो. आपल्या मराठवाड्यात रीत निराळी. समजा, मुलगा इरफान, वडील रहीम, घराणं शेख. शाळेच्या रजिस्टरला नाव पडतं ‘शेख इरफान शेख रहीम’. शेवटी आहे रहीम. तेच लास्ट नेममध्ये गेलं, की मुलाचं आडनाव झालं रहीम. हाच हिशेब वडिलांच्या कागदाला लावला तर त्यांचं आडनाव आजोबांचं नाव! एका छताखाली दोन आडनावं. पठाणांकडे तर ‘खान’ नावाला चिकटलेलं आणि ‘पठाण’ सुरुवातीला, त्यामुळे गोंधळात आणखी भर.

गंमत म्हणजे आपलं एसएससी बोर्ड गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतं. म्हणजे तिथे ‘लास्ट नेम’ सगळ्यात पहिलं असतं.

पासपोर्टच्या अर्जात ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम’ असे दोन रकाने असतात. सरनेम रिकामं सोडून सगळं नाव एकाच रकान्यात टाकणारे आपल्यात कमी नाहीत. नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाही, असं सांगितलं. पासपोर्टवर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, हा खुलासा नंतर आला. दुबईला लेकाकडे निघालेल्यांची तोवर झोप उडाली असणार.

‘लास्ट’चा दुसरा चकवा ‘लास्ट इयर’. आपण म्हणतो, “पोरगी बीएस्सी लास्ट इयरला आहे,” म्हणजे शेवटच्या वर्षाला. अर्जात ‘लास्ट इयर मार्क्स’ असेल तर त्याचा अर्थ मागच्या वर्षाचे गुण. दुसऱ्या वर्षाची मुलगी ‘माझं लास्ट इयर अजून यायचंय’ म्हणून रकाना कोरा सोडते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो. ‘स्कूल लास्ट अटेंडेड’ म्हणजे शेवटी जिथे शिकलात ती शाळा. टीसी तिथलीच लागते.

तेव्हा अर्ज भरायला बसण्याआधी दहावीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी-शेजारी ठेवा. फरक दिसला तर आधार गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या, पण घाईघाईत नको, कारण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. गुणपत्रिकेशी जुळणारं स्पेलिंग कागदावर लिहून न्या आणि ‘सबमिट’ दाबण्याआधी स्क्रीन स्वतःकडे वळवून एकदा वाचा. कॅफेवाल्याला घाई असते, त्याच्या मागे रांग असते.